ध्वनिफितींत उरलेलें एका देशाचें गाणें

1996 सालीं न्यूयॉर्क येथील ‘पॅरलल वर्ल्ड’ ह्या एका लहानशा प्रकाशनसंस्थेनें ‘कॅम्बोडियन रॉक्स’ नांवाचा एक गीतसंग्रह प्रसिद्ध केला. त्याची जी आवृत्ति पुढें जगभर पसरली तिच्यांत 22 गीतें आहेत. वेष्टनावर देशाचें नांव होतें, संगीताच्या प्रकाराचें होतें. नव्हतें तें फक्त गाणारांचें. कोणतें गीत कोणीं गाइलें, शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाद्यें कोणीं वाजविलीं, इतकेंच काय, गीताचा मुखडा कोणता, ह्यांपैकीं एकहि गोष्ट तेथें छापलेली नव्हती. 1994 सालीं कंबोडियांत प्रवासास गेलेल्या एका अमेरिकन गृहस्थानें तेथें ज्या ध्वनिफिती, म्हणजे ज्यांस आपण घरोघर कॅसेट म्हणत आलों त्या, विकत घेतल्या, त्यांवरून हीं गीतें उतरून घेतलेलीं होतीं. आणि तीं निनांवीच संग्रहांत गेलीं.

ऐकणारास प्रथम नवल वाटलें. गिटार ओळखीची, ताल ओळखीचा, ऑर्गनचा किंचित् नाकांतला सूर ओळखीचा. परंतु त्यांवरून जाणारा कंठ अगदीं वेगळा, उंच, वळणावळणांचा, लग्नघरांतल्या गाण्यांवर वाढलेला. गाणारी तरुण वाटते, खट्याळ वाटते, आणि आपल्या काळावर बेहद्द खूष वाटते. ज्या परक्या श्रोत्यानें ह्या गीतांस पायानें ताल दिला त्याला हें ठाऊक नव्हतें कीं, तीं गाणारांपैकीं बहुतेकांचा 1975 ते 1979 ह्या चार वर्षांच्या आंत अंत झाला होता, आणि तो कोठें झाला, कसा झाला, हें त्यांच्या आप्तांसहि नीटसें सांगतां येत नव्हतें. गाणारा गेला, गाण्याची मूळ प्रत गेली, आणि मागें उरली ती बाजारांतली एक स्वस्त, खरखरणारी, पुनःपुन्हां नकललेली फीत. ह्या फितीनें काय राखलें आणि काय गमाविलें, हें पाहण्याचा आमचा येथें विचार आहे.

संगीताच्या ह्या प्रकारास आज ‘गॅरेज’ आणि ‘सायकेडेलिक’ अशीं दोन नांवें लावितात. गॅरेज म्हणजे मोटार ठेवण्याची खोली. 1960 नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील शाळकरी पोरें वडिलांच्या मोटारीच्या खोलींत जमून, गिटारीचे तीन-चार कॉर्ड शिकतात न शिकतात तोंच मोठमोठ्यानें वाजवूं लागलीं. त्या ओबडधोबड, उतावळ्या संगीतास पुढें तेंच नांव पडलें. दुसरा शब्द 1956 च्या सुमारास ग्रीक शब्दांची सांगड घालून बनविलेला आहे, आणि त्याचा मूळ अर्थ मन प्रकट करणारें असा आहे. वैद्यकांतून तो संगीतांत आला तेव्हां गिटारीचा आवाज यंत्रानें मुद्दाम फाडून, त्यांत प्रतिध्वनि मिसळून, ऐकणारास स्वप्नांत असल्याचा भास उत्पन्न करणारें जें संगीत त्यास तो लागू झाला. कंबोडियांतील ज्या मंडळींनीं हीं गीतें गाइलीं त्यांनीं स्वतःस ह्यांतलें एकहि नांव दिलें नव्हतें. तीं गाणीं त्यांनीं कोणाच्या मोटारीच्या खोलींत बसविलीं नव्हतीं. राजवाड्याच्या वाद्यवृंदांत, नभोवाणीच्या खोलींत आणि राजधानीच्या नाचघरांत भर प्रकाशांत तीं बसलीं होतीं. ज्यांचें स्वतःचें नांव पुसलें गेलें त्यांना दुसऱ्यांनीं बाहेरून चिकटविलेलें हें नांव आहे, एवढें लक्षांत ठेवून आम्ही तें सोयीपुरतें वापरतों.

येथें एक खुलासा केलेला बरा. आपल्या संस्कृत ग्रंथांत जो कंबोज देश येतो तो वायव्येकडचा. ह्या देशाशीं त्याची सांगड घालण्याचा मोह पुष्कळांस होतो, पण तो आवरावा. ह्या देशाचें जुनें नांव कंबुज, आणि आजचें ‘कंपुचिया’ हें त्याचेंच रूप. तथापि भारताशीं त्याचा संबंध खोटा नव्हे. ख्मेर लिपि दक्षिणेंतील पल्लवांच्या लिपींतून निघाली, आणि ख्मेर भाषेंत संस्कृत व पाली शब्द इतके मुरले आहेत कीं, विजेच्या गिटारीवर गाइलेल्या गीतांतहि ते कानांवर पडतात. योल औलारोंग नांवाच्या गायकाच्या एका गीताचा मथळा आहे भग्नहृदय तरुण अशा अर्थाचा. त्यांतील तरुणास शब्द आहे ‘युवजोन’, तो आपला युवजन. आणि हृदयास आहे ‘चेत’, तें आपलें चित्त. इतका जुना शब्द इतक्या नव्या गोंगाटांत भेटला म्हणजे मौज वाटल्यावांचून राहत नाहीं.

9 नोव्हेंबर 1953 रोजीं हा देश फ्रेंच सत्तेंतून मुक्त झाला. त्याचा राजा नरोदम सिहानूक हा मोठा हौशी पुरुष. 1955 सालीं त्यानें पित्यास गादीवर बसवून स्वतः राज्यकारभार हातीं घेतला. पण राजकारणाइतकाच त्याचा जीव संगीतांत रमे. तो सॅक्सोफोन वाजवी, गीतें रची, आणि 1966 पासून बोलपटहि काढूं लागला. राजानेंच नाद केल्यावर दरबारानें मागें कां राहावें? निरनिराळ्या सरकारी खात्यांनीं आपापले वाद्यवृंद बाळगले. फ्रान्समधून तबकड्या येत, क्यूबाचे नाचाचे ताल येत; आणि 1965 नंतर शेजारच्या व्हिएतनामांत अमेरिकन फौज उतरली तेव्हां तिच्या करमणुकीसाठीं सायगांवहून चालणारी नभोवाणी नॉम पेनमध्येंहि ऐकूं येऊं लागली. शेजारच्या घरीं पेटलेल्या आगीचा उजेड आपल्या अंगणांत पडावा आणि पोरांनीं त्यांत खेळावें, तसा हा प्रकार होता.

ह्या सर्व मंडळींत अग्रपूजेचा मान सिन सिसामुत ह्याचा. ईशान्येकडील स्तुंग त्रेंग प्रांतांत तो जन्मला. वैद्यकाचें शिक्षण घेण्यासाठीं राजधानींत आला, आणि गळ्याच्या बळावर नभोवाणींत व तेथून राजाच्या वाद्यवृंदांत शिरला. आवाज मृदु, भरीव, कोठेंहि घाई नाहीं. बट्टामबांग प्रांताच्या चाफ्यावरील त्याचें ‘चंपा बट्टामबांग’ हें गीत त्या देशांत अद्यापि सर्वतोमुखीं आहे; फुलाचें नांवहि आपलेंच, चंपा. त्यानें रचिलेल्या व गाइलेल्या गीतांची संख्या हजारावर सांगतात. आरंभीं तो तंतुवाद्यांच्या साथीवर संथ प्रेमगीतें गाई. परंतु विजेच्या गिटारीचें वारें आलें तेव्हां हा प्रौढ गवई नाक मुरडून बाजूस बसला नाहीं, तर त्या पोरांच्या मेळ्यांतहि उभा राहिला. आमच्या मतें त्याची खरी थोरवी ह्यांत आहे.

रोस सेरेई सोथिया ही बट्टामबांगकडील गरीब शेतकऱ्याची मुलगी. लग्नसमारंभांत गातां गातां ती 1967 च्या सुमारास राजधानीस आली, आणि थोड्याच वर्षांत सिहानूकानें तिला ‘राजधानीचा सुवर्णकंठ’ अशा अर्थाची पदवी दिली. तिच्या एका गाजलेल्या गीताचा मथळा ‘चनाम ऊन दोप-प्राम मुय’ असा आहे, म्हणजे ‘माझें वय सोळा’. ख्मेर लोकांची मोजणी पांचांवर चालते; सोळा म्हणावयाचे तर ते दहा, पांच आणि एक असें म्हणतात, आणि गाणाऱ्या मुलीनें आपल्या वयाचा हिशेब असा फोडून सांगितला म्हणजे त्यांत आपोआपच एक ठेका उत्पन्न होतो. तिच्या जोडीची पान रॉन हिचा बाणा निराळा. सोथियाच्या आवाजांत कारुण्य सहज येई. पान रॉनच्या गळ्यांत खोडकरपणा होता, आणि म्हाताऱ्या प्रियाराधकाची थट्टा करणारीं तिचीं गीतें आजहि ऐकणारास हसवितात.

वाद्यमेळे निघाले ते ह्यांच्या बरोबरीनें. पहिला मोल कामाच व मोल काग्नोल ह्या भावांचा. ‘बाक्सेई चामक्रोंग’ हें त्याचें नांव. अंगकोर येथें ह्या नांवाचें एक प्राचीन देवालय आहे, आणि त्या नांवाचा अर्थ पंखांखालीं आसरा देणारा पक्षी असा सांगतात. शत्रूपासून पळणाऱ्या राजास एका मोठ्या पक्ष्यानें पंखांखालीं झांकलें अशी ती दंतकथा आहे. इंग्लंडांतील ‘शॅडोज’ मंडळींच्या तबकड्या ऐकून गिटार शिकलेल्या पोरांनीं आपल्या मेळ्यास इतकें जुनें नांव द्यावें, ह्यावरून त्यांस हें संगीत परकें वाटत नव्हतें हें उघड आहे. पुढें ‘द्राकार’ नांवाचा अधिक कडक आवाजाचा मेळा झाला. आणि ह्या सर्वांत वात्रट तो वर उल्लेखिलेला योल औलारोंग. सभ्य समाजाची टिंगल करणें हा त्याचा धंदा. सायकल-रिक्षांत बसून शहरभर भटकण्यावरील त्याचें गीत त्या निनांवी संग्रहांत आरंभींच आहे. पहिल्या क्षणापासून तें असें सुटतें कीं, ऐकणारास श्वास घेण्यास फुरसत मिळत नाहीं.

हीं गीतें लहान तबकड्यांवर निघत. ‘वाट नॉम’, ‘चान छाया’ अशीं त्या छापांचीं नांवें होतीं. एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचें एक गीत, आणि मध्यावर चिकटविलेल्या गोल कागदावर गीताचा मथळा व गाणाराचें नांव. ही क्षुल्लक दिसणारी गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें महत्त्व कळेल.

18 मार्च 1970 रोजीं सेनापति लॉन नॉल ह्यानें सिहानूकास पदच्युत केलें, आणि देश यादवींत सांपडला. खेड्यांवर अमेरिकन विमानांचा बाँबवर्षाव, रानांत ‘ख्मेर रूज’ म्हणून ओळखले जाणारे साम्यवादी बंडखोर, आणि निर्वासितांनीं फुगत चाललेली राजधानी, अशा स्थितींतहि गाणें थांबलें नाहीं. किंबहुना त्यास एक प्रकारचा ज्वर चढला. रात्रीं घराबाहेर पडण्यास बंदी आली तेव्हां नाचघरें दुपारींच भरूं लागलीं. सिसामुतास प्रजासत्ताकाच्या गौरवाचीं गीतें गावीं लागलीं. सोथिया सैन्याच्या छत्रीधारी तुकडीच्या वेषांत दिसते असें एक चित्रण उपलब्ध आहे. सोळा वर्षांच्या मुलीचें गाणें गाणारी ती गायिका विमानांतून उडी टाकतांना पाहिली म्हणजे मन उदास होतें. ‘द्राकार’ मंडळींची मोठी तबकडी 1974 सालीं निघाली. शहराभोंवतीं तोफांचा वेढा आवळत असतां हीं पोरें गिटारीचा सूर लावीत बसलीं होतीं, ह्याला बेफिकिरी म्हणावें कीं धैर्य म्हणावें, ह्याचा निवाडा आम्हांस करवत नाहीं.

17 एप्रिल 1975 रोजीं नॉम पेन पडलें. विजयी ख्मेर रूजनें पहिलें काम केलें तें शहर रिकामें करण्याचें. सुमारें वीस लक्ष माणसें, त्यांत रुग्णालयांतले रोगीसुद्धां, रस्त्यांवर काढून खेड्यांकडे हांकलण्यांत आलीं. नवें राज्य केवळ शेतकऱ्यांचें व्हावयाचें होतें. शहर, पैसा, शाळा, देवालय, चष्मा लावणारा माणूस, हें सर्व जुन्याचें लक्षण ठरलें, आणि त्यांत गवयाचा नंबर फार वर लागला. कारण गवयाचा चेहरा व आवाज सर्वांस ठाऊक. इतरांना आपला पूर्वेतिहास लपवितां येत होता. ज्याचा आवाज घरोघर वाजला होता त्यानें तो कोठें लपवावा? त्या चार वर्षांत एकंदर 15 ते 20 लक्ष माणसें उपासमारीनें, रोगानें व हत्येनें मेलीं. देशाची वस्ती त्या वेळीं ऐंशी लक्षांच्याहि आंतच होती. सिसामुत, सोथिया, पान रॉन, औलारोंग, कोणीच परत आलें नाहीं.

सिसामुताच्या मृत्यूच्या कथा पुष्कळ आहेत. मारेकऱ्यांसमोर उभें असतां त्यानें एक शेवटचें गाणें गाण्याची परवानगी मागितली, ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. कथा सुंदर आहे. पुराव्यानें सिद्ध अशी मात्र ती नाहीं, आणि इतिहास म्हणून आम्ही तिचा स्वीकार करीत नाहीं. ज्याची समाधि नाहीं त्याला लोक गोष्टींत पुरतात, एवढेंच तिच्यावरून म्हणतां येईल. वांचलेल्यांच्या हकीकती ह्याहून साध्या आहेत आणि म्हणूनच अधिक खऱ्या वाटतात. सिएंग वांथी ही गायिका ‘मी केळीं विकणारी बाई’ असें सांगून वांचली. ‘द्राकार’मधील गिटारवादक तूच ताना वांचला, आणि पुढें सरकारी अधिकारी होऊन मेकाँग नदींतील डॉल्फिन माशांच्या रक्षणाचें काम करूं लागला. मोल बंधु देशाबाहेर असल्यामुळें बचावले. पंखांखालीं झांकणारा पक्षी त्यांच्यापुरता खरा ठरला; बाकीच्यांपुरता नाहीं.

गाणारांबरोबर गाण्यांचींहि मूळ ध्वनिमुद्रणें बहुतांशीं नाहींशीं झालीं. तबकडी जवळ बाळगणें हें जुन्या राज्याशीं निष्ठा बाळगण्यासारखें होतें. हीं गीतें ‘भूमिगत’ झालीं तीं येथें, आणि अक्षरशः. ज्या संगीतास परदेशांत हौसेनें भूमिगत म्हणतात त्यांतील पुष्कळसें संगीत फार तर मोठ्या कंपन्यांनीं नाकारलेलें असतें. हें एके काळीं राजानें गौरविलेलें, चौकाचौकांत वाजलेलें गाणें होतें, आणि एका दिवसांत तें गुणगुणणें हा प्राणांतिक अपराध झाला.

7 जानेवारी 1979 रोजीं व्हिएतनामी फौजा नॉम पेनमध्यें शिरल्या व ती राजवट कोसळली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत थायलंडच्या सरहद्दीवर खाओ-इ-दांग येथें निर्वासितांची छावणी उघडली, आणि अल्पावधींत तेथें लक्षावर माणसें जमलीं. तेथून कोणी फ्रान्सला, कोणी ऑस्ट्रेलियाला, आणि 1994 पर्यंत सुमारें दीड लक्ष अमेरिकेला गेले. कॅलिफोर्नियांतील लाँग बीच हें शहर त्यांचें मोठें ठाणें झालें. नव्या मुलखांत भाषा नाहीं, धंदा नाहीं, नात्याचें माणूस नाहीं. अशा घरांत जुनें गाणें वाजूं लागलें तें कॅसेटवर. 1975 च्या आधीं जे परदेशांत गेले होते त्यांच्या पेट्यांतल्या तबकड्या, ओसाड शहरांत परतलेल्यांना हातीं लागलेल्या तबकड्या, ह्यांवरून पहिल्या नकला निघाल्या, आणि त्या नकलांवरून पुढच्या.

कॅसेट हें यंत्र ह्या कामासाठीं जणूं घडविलें होतें. 1963 सालीं हॉलंडच्या फिलिप्स कंपनीनें तें बाजारांत आणलें. चार मिलिमीटरांहूनहि अरुंद अशी चुंबकीय लेपाची फीत सेकंदास पावणेपांच सेंटिमीटर ह्या गतीनें सरकते. डबी खिशांत मावते, बॅटरीवर वाजते, आणि दोन यंत्रें जवळ असलीं कीं कोणासहि घरबसल्या तिची नकल करतां येते. तबकडी छापण्यास कारखाना लागतो, कारखान्यास परवाना लागतो, आणि परवाना राजसत्तेच्या हातीं असतो. फितीस ह्यांतलें कांहीं लागत नाहीं. आपल्याकडेहि 1980 नंतर हाच प्रकार झाला, आणि फीत सैल पडली म्हणजे पेन्सिल घालून ती गुंडाळणाऱ्या पिढीस हें अधिक सांगावयास नको.

परंतु ह्या सोयीची किंमत पडली. तासाच्या फितीवर तबकड्यांचीं अठरा-वीस गीतें बसतात. विकणारा तीं एकापाठोपाठ भरी. तबकडीवरचा तो गोल कागद मात्र फितीवर चढत नसे. डबीच्या चिटोऱ्यावर नांवें लिहिलीं तर लिहिलीं. पुढच्या नकलेंत तो चिटोरा गळे. येणेंप्रमाणें आवाज पुढें गेला व नांव मागें राहिलें. दर नकलेस खरखर वाढली, बारीक उंच स्वर बुजले. नकल करणाऱ्या यंत्राची बॅटरी उतरली असली कीं फीत मंद सरके, आणि तीच फीत पुढें योग्य गतीनें वाजविली कीं गाणें मुळाहून जलद व चढ्या पट्टींत ऐकूं येई. ह्या गायिकांचे आवाज फितीवर कधीं कधीं पोरकट वाटतात, त्यांतला कांहीं अंश त्यांचा नव्हे, उतरलेल्या बॅटरीचा असावा. ह्याहून मोठी गोष्ट अशी कीं, परदेशांतील ख्मेर व्यापाऱ्यांनीं 1980 नंतर जुन्या गीतांवर यंत्राचा नवा ढोलताशा व कळपाट्याचे नवे सूर चढवून त्यांच्या फिती विकल्या. लग्नांत नाचावयास ठेका दमदार पाहिजे, आणि जुन्या तबकडीचा ठेका पातळ पडे, हें त्यांचें कारण. सिसामुताच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनीं, त्यानें जन्मांत न पाहिलेलें यंत्र त्याची साथ करूं लागलें.

आपल्याकडे जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांस ह्यांत नवीन कांहींच वाटणार नाहीं. लेखनिकाचा हस्तदोष, पाठभेद, गहाळ झालेलें मुखपृष्ठ आणि मागाहून घुसडलेल्या ओव्या, हा सर्व प्रपंच तोच. ज्ञानेश्वरींत शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत करण्यास एकनाथांस तीन शतकें लोटल्यावर, 1584 सालीं, बसावें लागलें. येथें तोच प्रकार वीस वर्षांत घडला. भेद एवढाच कीं, पोथीचा लेखनिक निदान आपलें नांव, गांव व शक शेवटीं घालतो.

तरीहि ह्या नकलकारांना आणि प्रक्षेप करणाऱ्यांना केवळ चोर म्हणून सोडून देणें आम्हांस पटत नाहीं. ज्या मुलाचा जन्म छावणींत झाला व बालपण लाँग बीचमधल्या दोन खोल्यांत गेलें, त्याच्या कानांवर पडलेलें सिसामुताचें गाणें तेंच, यंत्राच्या ताशासकट. त्याची आई तेंच ऐकून रडली. संशोधक त्यास भ्रष्ट पाठ म्हणेल आणि तें शास्त्रास धरून होईल. पण त्या घरांत तो पाठ प्रमाण होता. त्या व्यापाऱ्यानें नफ्यासाठीं फीत काढली नसती तर शुद्ध पाठ शोधण्याची इच्छा तरी कोणाच्या मनांत उरती?

‘कॅम्बोडियन रॉक्स’चा प्रकार ह्याहून जरा निराळा, आणि त्याच्याविषयीं आमचें मन तितकें मऊ होत नाहीं. निर्वासितांच्या घरीं फितीवर नांव नसलें तरी बिघडत नव्हतें. आवाज ऐकतांच आजी नांव सांगत असे. परक्या श्रोत्यांपुढें तेंच निनांवी गाणें ठेवलें कीं त्याचें एक कुतूहलाचें वस्तुसंग्रहालय होतें. ‘कोण बरें हे अज्ञात लोक’ ह्या विचारांतच ऐकणारा सुख मानतो. ते अज्ञात नव्हते. लाखों माणसांना ते ठाऊक होते. ज्यांना ठाऊक होते त्यांना कोणीं विचारलें नव्हतें इतकेंच. पण हेंहि सांगितलें पाहिजे कीं, ह्याच संग्रहामुळें पुढची चौकशी सुरू झाली. ख्मेर जाणणाऱ्या श्रोत्यांनीं एकेक गीत ऐकून गाणाराचें नांव व मथळा जुळवीत आणला, आणि कालांतरानें त्या 22 गीतांची यादी बहुतेक भरली.

नंतरचा इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. 2001 सालीं लॉस एंजेलिस येथें ‘डेंग्यू फीव्हर’ हा मेळा निघाला. त्याची गायिका छोम निमोल ही लाँग बीचमध्यें गाणारी कंबोडियन बाई, आणि जुनीं गीतें पुन्हां नव्यानें गाण्यापासून त्यानें आरंभ केला. 2002 सालच्या ‘सिटी ऑफ घोस्ट्स’ ह्या अमेरिकन बोलपटांत तीं गीतें वाजलीं. 2004 सालीं ‘कॅम्बोडियन कॅसेट आर्काइव्ह्ज’ नांवाचा एक संग्रह निघाला. त्याची सामग्री कोठें मिळाली म्हणाल, तर कॅलिफोर्नियांतील ओकलंड शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या आशियाई शाखेंत. शेजारच्या वस्तींतील निर्वासितांस घरीं नेण्यासाठीं ठेवलेल्या दीडशेंहून अधिक कॅसेटी तेथें होत्या. एका राष्ट्राच्या संगीताचें दप्तर एखाद्या पेठेंतल्या वाचनालयाच्या फळीवर सांपडावें, हें वाचून आमच्यांतल्या जुन्या कागदांच्या शौकिनांस भरून येईल. 2006 सालीं रिथी पान ह्या चित्रपटकारानें नॉम पेनमध्यें ‘बोफाना’ हें ध्वनि-चित्रांचें संग्रहालय स्थापिलें. 2014 सालीं जॉन पिरोझी ह्यानें ह्या संगीतावर काढलेला सत्यपट पुरा झाला. ‘मी विसरलों असें समजूं नको’ अशा अर्थाचें त्याचें नांव सिसामुताच्याच एका गीतावरून घेतलेलें आहे.

त्याच 2014 सालीं सिसामुताच्या कुटुंबास त्याच्या शंभरांहून अधिक गीतांचें स्वामित्व कायद्यानें मिळालें. त्याला काय लागलें असेल ह्याची कल्पना करावी. देशांत स्वामित्वाचा कायदाच 2003 सालीं झाला. ज्या राजवटीनें बापास नेलें तिनें कागदहि नेले. आणि हें गीत त्यानेंच रचिलें असें दाखवावयाचें तर साक्षीस कोण आणावयाचा? अशा वेळीं जुन्या तबकडीच्या मध्यावरचा तो गोल कागद, ज्याची फितीनें पर्वा केली नाहीं, तो एखाद्या सनदेच्या मोलाचा ठरतो. म्हणूनच कंबोडियन वंशाचे कांहीं तरुण संग्राहक आज देशोदेशींच्या घरांतून, माळ्यांवरच्या पेट्यांतून मूळ तबकड्या धुंडाळीत असतात. तबकडी मिळाली म्हणजे ती फितीशीं ताडून पाहतां येते. गति सुधारतां येते, चढविलेला ताशा बाजूस सारतां येतो, आणि गाण्यास त्याचें नांव परत देतां येतें.

मात्र हें परत देणें सर्वांच्या वांट्यास सारखें येत नाहीं. सिसामुताचीं मुलें होतीं, कीर्ति होती, गीतें शेंकड्यांनीं होतीं. योल औलारोंगचीं उरलेलीं गीतें थोडीं. त्या 22 गीतांच्या संग्रहांत मात्र तो पुनःपुन्हां भेटतो. 17 एप्रिलनंतर तो ज्या रस्त्यानें शहराबाहेर गेला त्या रस्त्यावर त्याचा माग संपतो. त्याच्या चरित्राच्या टिपणांत मृत्यूची तारीख आणि ठिकाण ह्या दोन्ही जागा कोऱ्या असतात, आणि त्यांच्या खालीं, नीट ओळखलेल्या आणि नीट लिहिलेल्या अक्षरांत, रिक्षांतल्या भटकंतीचें गाणें व भग्नचित्त युवजनाचें गाणें अशीं त्याच्या गाण्यांचीं नांवें असतात.